गाडी जिथे उभी होती

१

बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागण्याआधी रस्त्याच्या डाव्या अंगाला एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत पांढरी गाडी उभी होती. दारं लावलेली होती, पण कुलूप नव्हतं. चालकाच्या सीटवर चावी पडली होती. पुढच्या खणात फोन वाजून वाजून बंद पडत होता आणि परत वाजत होता. गाडी चालवत आलेली जिनल मात्र कुठेच नव्हती.

दिपमाला सोनवणे तिथे पोचली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. धुळ्यात विम्याच्या गाड्या तपासायचं काम ती सोळा वर्षं करत होती. अपघात झाला की गाडी बघायची, काय घडलं ते ठरवायचं, आणि मालक खोटं बोलत असेल तर त्याच्याच गाडीकडून त्याला खोटं पाडायचं. हल्लीच्या गाड्या वेग, ब्रेक, पट्टा, दार, रस्ता सगळं आपल्या पोटात लिहून ठेवतात. ते बाहेर काढायचं यंत्र तिच्या बॅगेत असे.

तिला बोलावलं होतं जिनलच्या भावाने. अखिल हा जळगावातला विमा एजंट. वर्षाकाठी दहा-बारा कामं तो तिच्याकडे पाठवायचा. आज त्याचा चेहरा उतरला होता.

"साडेदहापासून उभी आहे ताई, चार तास झाले," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचं काय झालं ते या गाडीलाच ठाऊक. बघा लवकर."

फौजदार योगेंद्र भामरे पुलाच्या कठड्याशी उभे होते. फेब्रुवारी संपत आला होता, गिरणेत घोटाभर पाणी होतं आणि बाकी सगळी वाळू. त्यांची दोन माणसं पात्रातून चालत पलीकडे चालली होती.

"आम्हाला साडेबाराला गस्तीच्या गाडीने कळवलं," भामरे म्हणाले. "नवरा-बायकोचं पटत नव्हतं. दहा महिने ती धुळ्यात खोली घेऊन वेगळी राहत होती. लॅबमध्ये नोकरी करायची. आता दोनच गोष्टी. एकतर ती नदीत गेली, नाहीतर कुणीतरी तिला उचललं. तो बघा तिचा नवरा."

रस्त्याच्या पलीकडे राखाडी गाडीला टेकून एक उंच, गोरा माणूस उभा होता. पांढरा शर्ट, घडी न मोडलेला. सगळे पुलाकडे बघत होते. तो एकटा दिपमालाच्या यंत्राकडे बघत होता.

२

भामरेंसमोरच तिने वायर जोडली. पडद्यावर ओळी उमटल्या.

गाडी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी धुळ्याहून निघाली होती. पारोळा, एरंडोल, पाळधी, कुठेही थांबली नव्हती. दहा बत्तीसला इथे उभी राहिली. ब्रेक हळूच दाबलेला. पट्टा सोडला, चालकाचं दार उघडलं, चार सेकंदांनी बंद झालं. त्यानंतर तासाभराने तेच दार पुन्हा एकदा उघडून बंद झालं होतं. बाकीची तीन दारं दिवसभर उघडलीच नव्हती.

"कुणी ओढून नेलं नाही तिला," दिपमाला म्हणाली. "पळवून नेताना गाडीचं दार कुणी हळूच लावत नाही."

"म्हणजे नदी."

"साहेब, तिची पर्स कुठे आहे?"

भामरेंनी गाडीत पाहिलं. पर्स नव्हती.

कडुनिंबापासून हाकेच्या अंतरावर चहाची टपरी होती. टपरीवाला पुना म्हातारा होता. भामरेंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ती बाई एकलीच उतरनी साहेब. खांदाले पिशवी व्हती. मी आधण ठेवाले वळनू, परत दखं ते बाई नही. मंग बराच टाइमनी ती राखाडी गाडी उनी. तो माणूस उतरना, दार उघाडीसन आत दखं, अन् फोनवर बोलत निंघी गया. आते परत येल शे."

"किती वाजता आली ती बाई?"

"माले घड्याळ नही. अन् आतेलोंग माले कोणी इचारं बी नही."

भामरे सरळ राखाडी गाडीकडे गेले. दिपमालाही मागोमाग गेली. जिनलचा नवरा श्रेयांस अदबीने सरळ उभा राहिला. जळगावात त्याची डाळमिल होती. चार वर्षांच्या संसारात जिनलचा हात दोनदा मोडला होता आणि दोन्ही वेळा ती पायरीवरून पडल्याचं दवाखान्यात लिहिलं गेलं होतं.

"साडेअकराला तुम्ही इथे होतात," भामरे म्हणाले. "कळवलं का नाही?"

"गाडी दिसली म्हणून थांबलो. वाटलं, माहेरी चाललीय, असेल इथेच कुठेतरी."

"ती या रस्त्याने येतेय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

श्रेयांस हसला. आवाज अगदी मऊ होता. "सांगावं कशाला लागतं साहेब? मी तिला कधी शोधत नाही. ती कुठे असते ते मला कळत असतं."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला जीनतला भेटली. जीनत लॅबमध्ये जिनलच्या शेजारच्या टेबलावर बसायची, आणि तिच्याच घराच्या वरच्या खोलीत जिनल राहायची. जीनतचे डोळे सुजले होते.

"दिवाळीनंतर महिनाभर ती माझ्याशी नीट बोलत नव्हती," जीनत म्हणाली. "तिला वाटायचं, मीच त्याला सांगते. ती कुठे जाते हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असायचं, सांगा ना ताई."

"तो कुठे कुठे यायचा?"

"कुठे नाही ते विचारा. वकिलांकडे गेली की ऑफिसच्या समोर. भाजी घ्यायला गेली की भाजीबाजाराच्या तोंडाशी. काही बोलायचा नाही. नुसता उभा राहायचा. पाचोऱ्याला ती नोकरीच्या मुलाखतीला गेली होती, दुसरी लॅब. तिथेही आला."

"लॅबवर आला?"

"नाही, स्टेशनजवळ. लॅबची गल्ली अरुंद, म्हणून तिने गाडी स्टेशनजवळ लावली आणि पायी गेली. परत आली तर हा गाडीशेजारी उभा. दोन तास उभा होता म्हणे."

दिपमालाने वहीत लिहिलेलं परत वाचलं. "कधी असं झालं का, की ती गेली आणि तो आला नाही?"

जीनतने आठवून पाहिलं. "जानेवारीत एकदा. गाडी बंद पडली होती, माझ्या भावाच्या गॅरेजवर दोन दिवस होती. जिनल एस्टीने आणि पुढे रेल्वेने बोदवडला गेली. माझी मावशी आहे तिथे, हुस्नबानो. गोधड्या शिवते. तिच्याकडून गोधडी आणायची होती. एक रात्र राहून आली. खूप दिवसांनी शांत झोपले म्हणाली."

"आणि श्रेयांस त्या दोन दिवसांत कुठे होता?"

"ते माझ्या भावाला, रमीजला विचारा," जीनत म्हणाली. "त्याच्यावरच आला होता सगळ्यांचा संशय."

रमीजचं गॅरेज आग्रा रोडपासून आत होतं. तो हात पुसत बाहेर आला. पोलिसांनी कालच त्याला तीन तास बसवून ठेवलं होतं. गाडीखाली ठिकाण सांगणारं यंत्र त्यानेच बसवलं असेल, असं अखिलने भामरेंना सुचवलं होतं.

"तो माणूस दोन दिवस माझ्या समोर गाडीत बसून होता," रमीज म्हणाला. "सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. जिनलबेन इकडे नाहीत हे त्याला माहीतच नव्हतं. त्या परत आल्यावर मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, रमीजभाई, गाडी उघडून बघा. मी सीटा काढल्या, चटया काढल्या, बंपर उतरवला. सगळी गाडी उघडली, ताई."

"काय सापडलं?"

"काहीच नाही. त्या गाडीत बाहेरचं काही बसवलेलं नव्हतं."

४

गॅरेजमधून निघून दिपमाला आपल्या गाडीत बसली, पण तिने गाडी सुरू केली नाही.

श्रेयांस जिनल होती तिथे जात नव्हता. गाडी होती तिथे जात होता. पाचोऱ्यात गाडीशेजारी, धुळ्यात गॅरेजसमोर, काल कडुनिंबाखाली. माणसांपैकी कुणी सांगत असतं तर तो बोदवडला गेला असता. म्हणजे गाडी सांगत होती. आणि बाहेरून काही बसवलेलं नव्हतं, तर ते गाडीतच पहिल्यापासून होतं.

तिला ते यंत्र चांगलं ठाऊक होतं. रोजचं काम होतं तिचं. नवी गाडी घेतली की कंपनीचं ॲप मालकाच्या फोनवर येतं. गाडी कुठे आहे, चालू आहे की बंद, दार कधी उघडलं, सगळं घरबसल्या दिसतं. पुढे कागदपत्रांवर नाव बदललं तरी ॲप बदलत नाही. जुन्या मालकाने स्वतःहून सोडलं तरच ते सुटतं, आणि नव्या मालकाला ते आहे हे बहुतेक वेळा ठाऊकही नसतं.

जिनलची गाडी तीन वर्षांपूर्वी नवी कोरी घेतली होती अखिलने. दहा महिन्यांपूर्वी, ती सासर सोडून आली तेव्हा, त्याने ती बहिणीच्या नावावर करून दिली होती.

फोन वाजला. अखिलच होता.

"ताई, एक काम करा. दहा महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली, कुठे थांबली, त्याची पूर्ण यादी छापून द्या. त्यावरून तिला शोधता येईल. नुसत्या फोनवर इतकं मागचं दिसत नाही." तो क्षणभर थांबला. "म्हणजे, दिसत नसेल असं मला वाटतं."

यादी तिच्याकडे होती. कालच उतरवून घेतली होती. ती उघडून वाचायला लागली आणि पानभर वाचून थांबली. वकील, दवाखाना, दर गुरुवारी एकाच गल्लीत पाऊण तास, एका रविवारी तापीकाठी अडीच तास नुसतीच उभी. यातलं जिनलने कुणाला काही सांगितलं नसेल. सोळा वर्षं दिपमाला अशा याद्या काढत आली होती आणि विमा कंपनीला देत आली होती. ज्याची गाडी, त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तिने लॅपटॉप मिटला आणि भामरेंना फोन लावला.

दोन तासांनी ते दोघं जळगावात अखिलच्या ऑफिसात बसले होते.

"अखिलभाऊ," दिपमाला म्हणाली, "काल मी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, गाडी साडेदहापासून उभी आहे. मी तोवर यंत्र लावलं नव्हतं. पोलिसांना साडेबाराला कळलं. टपरीवाल्याकडे घड्याळ नाही आणि त्याला तोवर कुणी विचारलं नव्हतं. श्रेयांस साडेअकराला पोचला, म्हणजे त्यालाही ती वेळ माहीत असायचं कारण नाही. गाडी दहा बत्तीसला थांबली, हे फक्त गाडीला माहीत होतं. तुम्हाला कसं कळलं?"

अखिलचा हात खिशातल्या फोनवर गेला.

"फोन बघू," भामरे म्हणाले.

त्याने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. ॲप पहिल्याच पानावर होतं.

"हर्षिता दिवाळीपासून माहेरी आहे," तो हातांआडून म्हणाला. हर्षिता त्याची बायको आणि श्रेयांसची सख्खी बहीण. दोन्ही लग्नं एकाच मांडवात लागली होती. "माझी मुलगी तिकडेच आहे. दोन वर्षांची. श्रेयांस म्हणाला, जिनल परत आली की हर्षिता परत येईल. तिला दाखवायचं की तू कुठेही गेलीस तरी उपयोग नाही, आपोआप दमेल आणि परत येईल. मी तिच्यावर हात नाही उगारला, ताई. ती कुठे आहे ते मी कधीच सांगितलं नाही. मी फक्त गाडी कुठे आहे ते सांगायचो."

भामरेंनी विचारलं, "ती आहे कुठे आता?"

"त्या यादीत नाही," दिपमाला म्हणाली. "साहेब, मला एक दिवस द्या. ती जिवंत आहे. ती स्वतः तुम्हाला फोन करेल."

ती खाली उतरली. तिच्या गाडीला टेकून श्रेयांस उभा होता. आत काय बोलणं झालं ते त्याला कळलेलं नसावं, किंवा कळलंही असावं. त्याने तळहाताने गाडीच्या टपावरची धूळ पुसली.

"तुमचीही गाडी नवीच दिसते, ताई," तो म्हणाला. "कुणाच्या नावावर घेतलीत?"

५

दुसऱ्या दिवशी दिपमालाने गाडी घरासमोर उभी केली, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि रिक्षाने बसस्थानकावर गेली. जळगावपर्यंत एस्टी, पुढे पॅसेंजर. एस्टीत ती शेवटच्या सीटवर बसली आणि मागच्या काचेतून रस्ता बघत राहिली. प्रत्येक राखाडी गाडीचा नंबर ती वाचत होती. त्या रस्त्याने राखाडी गाड्या खूप जातात.

सगळा हिशोब साधा होता. दहा महिन्यांत जिनल एकाच ठिकाणी गाडीशिवाय गेली होती, आणि त्याच ठिकाणी शांत झोपली होती.

बोदवडला हुस्नबानोचं घर सापडायला वेळ लागला नाही. गोधडीवाल्या बाईचं घर कुणीही दाखवलं. दारात हुस्नबानो आडवी उभी राहिली. पासष्टीची, जाड भिंगांचा चष्मा, बोटात शिवणाचं अंगुस्तान.

"कोण पाहिजे?"

"मी एकटी आले. गाडी आणली नाही, फोनही नाही."

म्हातारीने तिच्या मागची गल्ली दोन्ही बाजूंनी न्याहाळली आणि मग बाजूला झाली.

जिनल आतल्या खोलीत कापडाचे तुकडे लावत बसली होती. फोटोतल्यापेक्षा बारीक दिसत होती. दिपमाला कोण ते ऐकून घेईपर्यंत तिने कात्री हातातून सोडली नाही.

"तुम्हाला कळलं म्हणजे त्यालाही कळेल," ती म्हणाली.

"नाही कळणार. त्याच्याकडे गाडीची यादी असली तरी त्यात बोदवड नाही."

जिनलने कात्री खाली ठेवली. "रमीजभाईंनी गॅरेजचं सांगितलं तेव्हा मला कळलं, गाडीच चुगली करतेय. पण कशी, ते सापडेना. मग श्रेयांसचा निरोप आला, गुरुवारी घ्यायला येतो, तयार राहा. गाडी घरी ठेवून पळाले असते तर तो जीनतच्या दारात बसला असता. म्हणून गाडी त्याच्याच जवळ नेऊन सोडली, जळगावच्या तोंडाशी. मला वाटलं, तो गाडीपाशी येईल, सगळे नदीत बघतील, तेवढ्यात मी लांब जाईन. जळगावची एस्टी मिळाली लगेच." ती थांबली. "जीनतवर मी फार अन्याय केला. रमीजभाईंवरही. कोण होतं ते?"

दिपमालाने वाटेत हे वाक्य दहा वेळा जुळवलं होतं.

"ॲप अखिलच्या फोनवर होतं," ती म्हणाली.

बाहेर हुस्नबानोचं शिलाईचं मशीन थांबलं. जिनलने समोरचे तुकडे एकावर एक रचले, सरळ केले, परत पसरले.

"गाडीची चावी देताना तो रडला होता," ती म्हणाली.

"खरंच रडला असेल."

"हो," जिनल म्हणाली. "तेच तर."

संध्याकाळ व्हायच्या आत तिने हुस्नबानोच्या शेजाऱ्याच्या फोनवरून भामरेंना फोन केला. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने निघाले आहे, आणि मला दोघांविरुद्ध तक्रार द्यायची आहे, असं तिने सांगितलं. भावाचं नाव तिने शेवटी घेतलं.

६

गाडीच्या कंपनीचं उत्तर यायला आठ दिवस लागले. दहा महिन्यांत अखिलच्या फोनवरून ती गाडी अकराशेहून जास्त वेळा बघितली गेली होती. पुलावरच्या दिवशी एकट्या सकाळीच सव्वीस वेळा.

भामरेंनी जबाबात जिनलचा पत्ता लिहिला नाही. दिपमालाने अहवालात फक्त त्या दिवसाच्या नोंदी दिल्या. बाकीची यादी तिने एका पेनड्राइव्हवर घालून जिनलच्या हातात ठेवली आणि आपल्याकडची पुसून टाकली. तेव्हापासून कुणाच्याही गाडीला वायर जोडण्याआधी ती मालकाला विचारते, यातलं काय काय बाहेर येईल ते सांगते, आणि सही घेते. कामं थोडी कमी झाली आहेत.

श्रेयांस आणि अखिल दोघंही जामिनावर सुटले. हर्षिता माहेरीच आहे. श्रेयांसची राखाडी गाडी मार्चमध्ये दोनदा दिपमालाच्या ऑफिसासमोर उभी होती. तो उतरला नाही. तिने दोन्ही वेळा भामरेंना कळवलं. भामरे येईपर्यंत गाडी गेलेली असायची.

एप्रिलच्या एका दुपारी झमकूबाई आल्या. जिनलची आई. डोक्यावर पदर, कपाळाला घाम, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

"पत्ता सांगू नका मला," त्या म्हणाल्या. "घरात अखिल रोज विचारतो, आई तुला काही कळलं का. आणि मला खोटं बोलता येत नाही. ठाऊकच नसलं म्हणजे बरं. तुम्ही फक्त एवढं सांगा, ती जेवते ना वेळेवर?"

"जेवते, काकू. चांगली आहे. काम मिळालंय तिला."

"मोडलेला हात दुखतो का अजून? थंडीत दुखायचा."

"विचारीन."

झमकूबाईंनी मान हलवली. पिशवीतून त्यांनी खाकऱ्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला. तो कुणासाठी हे त्यांनी सांगितलं नाही.

"एवढ्या उन्हात कशाने आलात?" दिपमालाने विचारलं. "अखिलने सोडलं का?"

"तो म्हणत होता सोडतो. मी म्हटलं, जैन स्थानकात महाराजांच्या व्याख्यानाला चाललेय, चालत जाईन. फोन घरीच ठेवलाय. एस्टीने आले. पारोळ्याला उतरून अर्धा तास थांबले आणि मग दुसरी एस्टी धरली." त्यांनी पदर सावरला. "सरळ येऊ नये, असं मनात आलं."

त्या उठल्या. दारापाशी गेल्यावर एकदम बाहेर पडल्या नाहीत. चौकटीला हात लावून त्यांनी रस्त्याच्या या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला बघितलं, आणि एक राखाडी गाडी पुढे निघून जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.